सेले नदीकाठच्या सायकलप्रवासासाठी ठेव मोडावी का?

प्रश्न : मी 57 वर्षांचा असून नाशिकमधील एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. तीन वर्षांनी निवृत्त होईन. पत्नी शाळेत शिक्षिका आहे. आम्ही दोघेही नियमित सायकल चालवतो. फ्रान्सच्या नैऋत्येकडील लॉट आणि सेले या नद्यांच्या खोऱ्यांत, कमी रहदारीच्या रस्त्यांवरून दोन आठवडे सायकलने फिरण्याची आमची जुनी इच्छा आहे. एका प्रवासी कंपनीने जुलैमधील सहलीसाठी दोघांचे मिळून 9 लाख 60 हजार रुपये सांगितले आहेत. त्यात हॉटेल, मार्गदर्शक, सायकली आणि सामान वाहणारी गाडी आहे. विमानभाडे, व्हिसा आणि विमा वेगळे. 6 लाखांची मुदत ठेव मोडून आणि 5 लाखांचे वैयक्तिक कर्ज 12 टक्के दराने काढून ही रक्कम उभी करावी, असा विचार आहे. म्युच्युअल फंडात 22 लाख आहेत, ते निवृत्तीसाठी आहेत. घरखर्च महिना 65 हजार आहे आणि सर्व गुंतवणूक वजा जाता 35 हजार उरतात. मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाचे शेवटच्या वर्षाचे अडीच लाख शुल्क याच जुलैत भरायचे आहे. निर्णय योग्य आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण या प्रवासाला जावे, आणि निवृत्तीची वाट न पाहता जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कर्ज काढून, ठेव मोडून आणि जुलै महिन्यात जाऊ नये. आपल्या इच्छेला लागणारा खरा खर्च आणि कंपनीने सांगितलेली किंमत यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर प्रामुख्याने त्या प्रदेशाविषयीच्या अपरिचयातून आलेले आहे.

प्रथम ठेवीविषयी. पत्रात आपण 6 लाखांची ठेव मोकळी समजला आहात, पण मुलीचे शुल्क कोठून भरणार हे लिहिलेले नाही. ते या ठेवीतूनच जाणार असेल तर हाती साडेतीन लाख उरतात, म्हणजे आपल्या घराचा जेमतेम पाच महिन्यांचा खर्च. आपल्या वयाच्या आणि खासगी नोकरीतील माणसासाठी हा आपत्कालीन निधी आहे आणि त्याला हात लावता कामा नये. ठेव आणि शुल्क यांचा हा मेळ घातला, तर 5 लाखांचे कर्ज प्रत्यक्षात साडेसात लाखांच्या आसपास जाते. 5 लाखांचेच धरले तरी तीन वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे 16,600 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 98 हजार होते, आणि शेवटचा हप्ता निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतो. नोकरीची अखेरची तीन वर्षे ही निवृत्तीनिधीत सर्वाधिक भर घालण्याची असतात; ती हप्ता फेडण्यात घालवू नयेत. म्युच्युअल फंडाला आपण स्पर्श केलेला नाही, हे उत्तम.

आता ज्या रस्त्यांसाठी हा सगळा खटाटोप आहे, त्यांच्याकडे पाहू. लॉट जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 5,200 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख होती आणि क्षेत्रफळ याच्या तिप्पट. एवढ्या विरळ वस्तीच्या प्रदेशात शांत रस्ता मिळवण्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. कोणता रस्ता घ्यायचा एवढे ठाऊक असावे लागते. लॉटच्या उत्तर काठाने जाणारा डी 662 हा खोऱ्यातील मुख्य रस्ता आहे आणि त्यावर मोटारी अधिक असतात. त्याउलट फिझाक या गावाकडून सेले नदीच्या सोबतीने उतरणारा डी 41 हा चुनखडीच्या कड्यांखालून, एस्पान्याक, मार्सियाक आणि काब्रेरे अशा लहान गावांना स्पर्श करत जातो आणि बुझिएसजवळ सेले लॉटला मिळते तेथे संपतो. हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि नदीच्या उताराने जात असल्याने चढ सौम्य आहेत. काओर या शहरातून निघून सेलेच्या काठाने फिझाकला जावे आणि काझार्क, सँ-सीर-लापोपी असे लॉटच्या काठाने परत यावे, तर संपूर्ण फेरी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरची होते. दहा दिवसांत हे अंतर आपण रमतगमत पूर्ण कराल. उरलेल्या दिवसांत काओरच्या पश्चिमेकडील नदीची वळणे आणि द्राक्षमळे पाहता येतील. नाशिककरांना तेथे रस वाटेलच.

इतक्या कमी अंतरासाठी मार्गदर्शक आणि मागे फिरणारी गाडी यांची गरज नाही. सामानाची चिंता असेल, तर सेलेच्या खोऱ्यातूनच स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री जाणाऱ्या पदयात्रेची एक उपवाट जाते हे लक्षात घ्यावे. त्या यात्रेकरूंमुळे या गावांत साधी, स्वस्त निवासस्थाने टिकून आहेत आणि पिशव्या एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवाही आहेत. कंपनी ज्या सोयींसाठी आपल्याकडून लाखो रुपये घेत आहे, त्यांतील महत्त्वाच्या सोयी तेथे आधीपासूनच, सुट्या आणि माफक दरात उपलब्ध आहेत.

माझे अंदाजपत्रक असे आहे. युरो मी सावधगिरीने 110 रुपये धरला आहे. खोऱ्यात 12 रात्री न्याहारीसह घरगुती निवासात, दर रात्री 90 युरो. पॅरिसमध्ये 2 रात्री, 130 युरो दराने. दोघांचे जेवण दररोज 60 युरो. दहा दिवसांसाठी एक साधी सायकल 20 आणि एक विजेवर चालणारी 40 युरो रोज. पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्थानकावरून काओरला थेट जाणाऱ्या रेल्वेचे दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे 240 युरो. आणि किरकोळ 300 युरो. ही बेरीज 3,320 युरो, म्हणजे सुमारे 3 लाख 65 हजार रुपये होते. विमानभाडे दोघांचे दीड लाख आणि व्हिसा व विमा यांचे 35 हजार मिळवले की साडेपाच लाख, आणि दहा टक्के राखीव धरून 6 लाख 5 हजार. कंपनीच्या मार्गाने हाच प्रवास साडेअकरा लाखांच्या जवळ जातो. विजेवर चालणारी सायकल मी मुद्दाम धरली आहे. नदीकाठ सोडून वरच्या पठारावर जाणारे रस्ते चांगलेच खडे आहेत, आणि दोघांपैकी ज्याला दम लागेल त्याने ती घ्यावी. येथून सायकली विमानाने नेण्याचा मोह मात्र टाळावा.

जुलैला माझा विरोध केवळ पैशांमुळे नाही. फ्रान्समधील शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेर असते. त्या काळात निवासाचे दर चढतात, सँ-सीर-लापोपीसारख्या प्रसिद्ध गावात मोटारींची रांग लागते आणि आपण ज्या शांततेसाठी जात आहात, नेमकी तीच मिळत नाही. शिवाय पत्नीची शाळा तेव्हा सुरू असते. विनावेतन रजा घ्यावी लागली तर तोही खर्चच आहे. आपल्याकडील शाळांची मे महिन्याची सुट्टी तेथील वसंताशी जुळते. 1 मे, 8 मे आणि ईस्टरनंतर येणाऱ्या दोन धार्मिक सुट्ट्यांना जोडून येणारे दिवस तेवढे टाळावेत. पाऊस अधूनमधून येईल, त्याची तयारी ठेवावी.

म्हणून आजपासून सुमारे 18 महिन्यांनी येणाऱ्या मे महिन्याच्या उत्तरार्धात जावे. दरमहा उरणारे 35 हजार आवर्ती ठेवीत टाकले, तर व्याज न धरताही 6 लाख 30 हजार जमतात आणि हा प्रवास कोणतीही ठेव न मोडता, कर्जाविना होतो. इतक्या जवळच्या उद्दिष्टासाठी शेअर बाजाराशी निगडित फंड वापरू नये. विमानाची तिकिटे चार-पाच महिने आधी काढावी लागतील. तोवर 4 लाखांहून अधिक रक्कम हाती असेल. परकीय चलनाचे कार्ड शेवटच्या सहा महिन्यांत तीन टप्प्यांत भरावे, म्हणजे एकाच दिवसाच्या दरावर सगळे अवलंबून राहणार नाही. क्रेडिट कार्ड केवळ अडचणीसाठी ठेवावे, कारण बहुतेक कार्डांवर परदेशी खर्चाला 2 ते 3.5 टक्के अधिभार आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. लहान गावांसाठी थोडे रोख युरो हवेतच.

कराचा एक मुद्दा आहे. परदेशी सहलीचे तयार पॅकेज घेतले तर विक्रेता पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा करतो. ही रक्कम बुडत नाही, प्राप्तिकरात वळती होते. पण तोपर्यंत अडकून राहते. स्वतः खर्च केल्यास 1 एप्रिल 2025 पासून एका व्यक्तीच्या वर्षभरातील 10 लाखांपर्यंतच्या परकीय चलनावर तो लागत नाही, आणि आपण त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहात.

विम्यात काटकसर करू नये. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे, पण सायकलवरून पडून झालेली इजा आणि विजेवरच्या सायकलचा वापर त्यात समाविष्ट आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो मिळेपर्यंत विनाशुल्क रद्द होणारीच आरक्षणे करावीत. काब्रेरेजवळील पेश मेर्लच्या गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे पाहायची असतील तर तिकीट आधी काढावे, कारण तेथे रोजची प्रवेशसंख्या मर्यादित असते.

आपणा दोघांना पंक्चर काढता येत नसेल, नकाशावरून वाट शोधण्याची सवय नसेल आणि परक्या भाषेच्या गावात एकटे पडण्याची मनापासून धास्ती वाटत असेल, तरच मार्गदर्शकाचा विचार करावा. तोही पूर्ण सहलीसाठी नव्हे, तर पहिल्या दोन दिवसांसाठी, स्थानिक पातळीवर. कंपनीला आगाऊ रक्कम दिली असल्यास रद्द करण्याच्या अटी याच आठवड्यात वाचाव्यात. बहुतेक करारांत प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी परताव्याची रक्कम घटत जाते, म्हणून नकार कळवायचा तर तो ईमेलने आणि लगेच कळवावा.