कलेक्शनचे पैसे भरून झाले, तरी क्रेडिट रिपोर्टवरची नोंद जात नाही. ती कशी काढायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी: जर्सी सिटीतलं भाड्याचं घर सोडलंत, इंटरनेट कंपनीने राउटर परत आला नाही म्हणून 212 डॉलर लावले, ते कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे, गेले. तुम्ही ते पूर्ण भरलेत. रिपोर्टवर मात्र नोंद आहे तशीच आहे, आणि यंदा घर घ्यायचंय. राउटर परत केल्यासारखं आठवतंय, पण पावती सापडत नाही.

मी याच गल्लीतून गेले आहे. 2018 मध्ये आम्ही एडिसन सोडून डॅलसकडे आलो. विजेचं शेवटचं बिल, 143 डॉलर, जुन्या पत्त्यावर गेलं. मला त्याचा पत्ता लागला थेट 2020 मध्ये, कारसाठी लोन काढायला गेले तेव्हा. घाबरून त्याच संध्याकाळी एजन्सीला फोन केला, कार्डाने पैसे भरले आणि निवांत झोपले. आपल्याकडे बँकेचं नो ड्यूज हातात पडलं की विषय संपला असं वाटतं ना, तसंच. दोन महिन्यांनी रिपोर्ट उघडला तर बाकी शून्य, शेरा ‘पेड कलेक्शन’, आणि स्कोअर जागचा हललेला नाही.

पहिली गोष्ट, कडू आहे पण ऐका. पैसे भरल्याने नोंद पुसली जावी असं इथला, अमेरिकेतला, कायदा म्हणत नाही. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट हा 1970 चा कायदा एवढंच सांगतो की नोंद खरी असली पाहिजे आणि साधारण सात वर्षांनी गेली पाहिजे. ही सात वर्षं मोजायची ती मूळ बिल पहिल्यांदा थकलं त्या सुमारापासून. (नेमकं सांगायचं तर थकल्यावर 180 दिवसांनी घड्याळ सुरू होतं.) तुम्ही पैसे कधी भरले, खातं एका एजन्सीने दुसरीला कधी विकलं, याने ते पुढे सरकत नाही. म्हणजे खरी नोंद काढणं ही विनंती असते आणि चुकीची नोंद काढणं हा हक्क. आपलं प्रकरण यातलं कुठलं, हे ठरवल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका.

हे ठरवायला क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे, ब्यूरोंचे, म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियनचे, रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवरून काढा. आता ते दर आठवड्याला फुकट मिळतात. फोनवरच्या अ‍ॅपमधला स्कोअर बघून काही कळत नाही, पूर्ण रिपोर्टच लागतो. बाकी शून्य दिसतेय का, पहिल्या थकबाकीची तारीख बरोबर आहे का, एकच रक्कम दोन एजन्सींच्या नावावर दोनदा तर चढलेली नाही ना, हे बघा. यातलं काही चुकलेलं असेल तर ब्यूरोकडे डिस्प्यूट, म्हणजे लेखी हरकत, टाका, सोबत पुरावा जोडा. त्यांना साधारण 30 दिवसांत चौकशी करावी लागते, आणि एजन्सीने माहितीला दुजोरा दिला नाही तर नोंद दुरुस्त करावी किंवा काढावी लागते.

मी मात्र इथेच शहाणपणा केला. कुणीतरी सांगितलं, ‘हे खातं माझं नाही’ असा डिस्प्यूट टाक, एजन्सीवाले उत्तर द्यायला कंटाळतात. टाकला. तीन आठवड्यांत उत्तर आलं: व्हेरिफाइड, म्हणजे पडताळलं, नोंद बरोबर आहे. खोटं बोलून हाती काही आलं नाही, उलट पुढच्या पत्रात खरं सांगताना ओशाळल्यासारखं झालं. तुम्हाला तर याचा आणखी एक तोटा आहे. डिस्प्यूट चालू असलेलं खातं दिसलं की गृहकर्जाचे अंडररायटर, म्हणजे अर्ज तपासून मंजुरी देणारे, बरेचदा फाइल थांबवतात आणि ‘आधी हे मिटवा’ म्हणतात.

पैसे घेऊन रिपोर्ट साफ करून देणारेही भेटतील. ते ‘कलम 609 चं पत्र’ म्हणून एक जादूचा कागद विकतात. कलम 609 तुमची फाइल तुम्हाला दाखवण्याबद्दल आहे, नोंद पुसण्याशी त्याचा संबंध नाही. काम पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायला अशा कंपन्यांना 1996 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कुणी अ‍ॅडव्हान्स मागितला की फोन ठेवून द्या.

माझं काम शेवटी झालं ते पत्रांनी, पण भलत्याच दारातून. आधी एजन्सीला ‘गुडविल लेटर’ लिहिलं: चूक झाली, घर बदललं होतं, कळताच पूर्ण रक्कम भरली, बाकीचे सगळे हप्ते वेळेवर आहेत, कृपा करून ब्यूरोंना नोंद काढायला सांगा. एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं. ढिम्म. मग डोक्यात आलं की एजन्सी तर मधली दलाल. खातं विकलेलं नसेल, नुसतं वसुलीला दिलेलं असेल, तर मालकी मूळ कंपनीची असते आणि ती ते परत बोलावू शकते. वीज कंपनीच्या बिलिंग विभागाला लिहिलं. सोबत, घर सोडताना नवा पत्ता कळवल्याचा माझाच 2018 चा ईमेल जोडला. तो ईमेल शोधायला मला एक अख्खा रविवार लागला, पण सगळं वजन त्याचंच पडलं. त्यांनी एजन्सीला खातं मागे घ्यायला सांगितलं, आणि महिन्या-दीड महिन्यात तिन्ही रिपोर्टांवरून ते गेलं.

म्हणून माझं मत असं की तुम्ही पहिलं पत्र इंटरनेट कंपनीलाच लिहा, एजन्सीला त्यानंतर. दोन्ही सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. फोनवर कुणी ‘हो, करतो’ म्हणालं तर ते लेखी मागा. भरण्याआधी ‘पैसे घ्या आणि नोंद काढा’ असा सौदा करता येतो, पण ती वेळ तुमची गेली, माझीही गेली होती. त्याची हळहळ करत बसू नका. बऱ्याच एजन्सी तो सौदा करतही नाहीत.

आता घराबद्दल. नोंद काढणं तुम्हाला खरंच गरजेचं आहे का, हे तुमचा लेंडर कोणता स्कोअर बघतो त्यावर आहे. फायको आणि व्हँटेजस्कोअर ही स्कोअर काढायची दोन सूत्रं, आणि त्यांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. फायको 9 आणि 10, तसंच व्हँटेजस्कोअर 3.0 आणि 4.0, पूर्ण भरलेलं कलेक्शन मोजतच नाहीत. फायको 8 मोजतो, फक्त मूळ रक्कम 100 डॉलरच्या आत असेल तर सोडून देतो. गृहकर्जात मात्र वर्षानुवर्षं फायकोची त्याहूनही जुनी सूत्रं चालत आलीत, आणि त्यांना भरलेलं आणि न भरलेलं यात फारसा फरक दिसत नाही. 2025 च्या जुलैत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था) यांच्या कर्जांसाठी व्हँटेजस्कोअर 4.0 लाही परवानगी देत असल्याचं जाहीर झालं. तेव्हा लोन ऑफिसरला पहिल्याच फोनवर विचारा की तुम्ही कुठला स्कोअर धरता. नोंद काढल्याचं एजन्सीचं पत्र मिळालं तर तेही त्यालाच द्या. लेंडरमार्फत ‘रॅपिड रिस्कोअर’ करून घेता येतो, त्यात ब्यूरो काही दिवसांत फाइल अद्ययावत करतात. हे आपल्याला स्वतःहून मागता येत नाही.

कमेंटमध्ये कुणीतरी विचारलंय म्हणून दवाखान्याच्या बिलाचंही सांगते. त्याचा नियम वेगळा आहे. जुलै 2022 पासून तिन्ही ब्यूरोंनी भरलेली वैद्यकीय कलेक्शन्स काढून टाकली, आणि एप्रिल 2023 पासून 500 डॉलरच्या आतली, न भरलेलीसुद्धा. नवऱ्याचं रक्ततपासणीचं एक बिल असंच कलेक्शनला गेलं होतं, ते त्याने बोट न हलवता गायब झालं. मी मात्र 143 डॉलरसाठी पोस्टात खेटे घालत होते. घरात हा विषय अजून निघतो.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात आशा वाटते ती राउटरच्या पावतीची. घर सोडल्याच्या आठवड्यातले ईमेल चाळा. राउटर कुरिअरच्या दुकानात दिला असेल तर बहुतेक ट्रॅकिंग नंबरचा मेल आला असेल. रूममेट होता का? त्याच्या मेलवरही असू शकेल, किंवा पावतीचा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेला असेल. ती सापडली तर 212 डॉलर मुळात लागूच नव्हते, आणि मग गुडविल लेटर लिहायचं नाही. कंपनीकडे पैसे परत मागायचे, ब्यूरोकडे पावती जोडून डिस्प्यूट टाकायचा आणि कुणी दाद दिली नाही तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरो या सरकारी संस्थेच्या साइटवर तक्रार टाकायची. सापडली तर इथे कळवा, पत्राचा मसुदा मी बघून देईन.