बरोबरीनंतरची फेरी

प्रिय पोरी,

काल रात्रीचा तुझा निरोप वाचला. ‘सर, जिंकलेला डाव बरोबरीत गेला.’ खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मग कळलं, पुढच्या फेरीत तू बावीस चालींत हरलीस. मला हा दुसरा डाव जास्त बोचला.

२०१६ चा न्यूयॉर्कचा बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना काढून बघ. जगज्जेता कार्लसन आणि आव्हानवीर कर्जाकिन, बारा क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावांनंतर ६-६. ३० नोव्हेंबरला बरोबरी फोडायला टायब्रेक: चार रॅपिड, म्हणजे जलद डाव, प्रत्येकाला २५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा. त्यातला दुसरा डाव लाव. पांढऱ्याकडून कार्लसनची पकड घट्ट, आणि कर्जाकिनच्या घड्याळात सेकंदच उरलेले. माणूस त्या दहा-दहा सेकंदांच्या उसनवारीवर जगत होता. ८४ चाली झाल्या आणि स्टेलमेट! कर्जाकिनच्या राजाला शह नाही, पण खेळायला एकही चाल नाही, म्हणून बरोबरी. अर्धा-अर्धा गुण. एक जण वाचून उठला, दुसऱ्याच्या तोंडचा घास गेला होता.

त्या दिवशी कार्लसनचा सव्विसावा वाढदिवस होता, हे आपलं उगाच आठवलं. तिसऱ्या डावात तो काळ्या मोहऱ्यांनी खेळला आणि जिंकला. चौथाही जिंकला. चौथ्यातलं वजिराचं बलिदान सगळेच दाखवतात. मी मुलांना दुसरा डाव दाखवतो, आणि लगेच तिसरा. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनंही २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, जॉर्जियातल्या बातुमीला, कोनेरू हंपीशी टायब्रेकचा पहिला रॅपिड बरोबरीत सोडवला आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी जिंकला.

आता तुझं. समोरचा सेकंदांवर आला की तूही त्याच्याच वेगानं हात चालवतेस. तुझ्याकडे चार मिनिटं होती ना? मग ती वापरली का नाहीस? त्याच्या राजाला घर उरतं का, प्यादं हलतं का, एवढं बघायला पाच सेकंद पुरतात.

फेऱ्यांच्या मधे फोनवर इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्रॅम, उघडायचं नाही. पाणी पी, चार पावलं चाल, आईशी बोल, पण डावाबद्दल नको. रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत, म्हणून रात्री आठवून लिही. जिथे आठवण अडेल, तिथे बहुतेक तू पटाऐवजी घड्याळाकडे बघत होतीस. (माझ्या जुन्या वह्यांत अशी भोकं पुष्कळ आहेत.)

शनिवारी कालचा डाव लिहून आण. तू पांढऱ्याकडून बस, मी काळ्याकडून डाव वाचवायला बघतो. घड्याळ मी आणतो.

तुझा,
सर