मदत, कुमक, रसद आणि तैनात

अंबाजोगाईहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : युक्रेनच्या युद्धावर निबंध लिहिताना परदेशातून येणाऱ्या पाठबळाला नेमकं काय म्हणायचं? वर्तमानपत्रांत मदत, साहाय्य, कुमक, रसद सगळंच दिसतं. यातला कुठलाही शब्द कुठेही चालतो का?

ताई, लोक चालवतात, पण चालवू नये. हे शब्द नीट वापरले तर कोण कोणाच्या मुठीत आहे तेही वाचणाऱ्याला कळतं.

कुमक हा मुळात तुर्की, फारसीतून आपल्याकडे आलेला. लढणाऱ्यांच्या जोडीला आलेलं ताज्या दमाचं सैन्य म्हणजे कुमक. अमेरिकेने युक्रेनला शस्त्रं दिली, पैसा दिला, लढायला फौज दिली नाही. म्हणून 'अमेरिकेची कुमक' लिहू नका. २०२४ मध्ये उत्तर कोरियाने रशियाच्या बाजूने सैनिक पाठवले, ती कुमक.

रसद म्हणजे दाणागोटा, दारूगोळा. ही पुरवली जाते, नाहीतर तोडली जाते. आपल्याकडे निवडणुकीत 'त्या बंडखोराला रसद कोण पुरवतंय?' असं सर्रास विचारतात. शब्द रणांगणातून राजकारणात आलाय आणि दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडेन यांनी युक्रेनसाठी निधी मागितला. आधी मेक्सिकोच्या सीमेवरून येणारे लोंढे थांबवा, म्हणून रिपब्लिकनांनी तो अडवून धरला. सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. तोवर युक्रेनच्या तोफांना गोळे पुरेनात, आणि फेब्रुवारीत पूर्व युक्रेनमधलं आवदिवका शहर हातचं गेलं. ही रसद वॉशिंग्टनमधल्या घरच्या भांडणात अडकली होती.

मदत, मूळ अरबी 'मदद', हा सगळ्यांत सैल शब्द. पण त्याच्या पुढचं क्रियापद जपून निवडा. अतिवृष्टीनंतर आपल्या गावांत 'मदत जाहीर झाली' याला कोणी भुलत नाही. 'खात्यावर पडली का?' हेच विचारतात. जाहीर होणं, मंजूर होणं आणि हातात पडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी मदतीच्या बातम्यांत त्या बेधडक एक केल्या जातात, त्याचा मला फार त्रास होतो.

तुमच्या यादीत नसलेला एक शब्द मात्र मराठवाड्याने स्वतः भोगलाय : तैनात. तैनात म्हणजे नेमून दिलेला, दिमतीला ठेवलेला. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांशी गाठ पडली तेव्हा निजामाला इंग्रजांची कुमक हवी होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले आणि निजाम हरला. मग त्याने फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणींवर भिस्त ठेवली. दरबारात तट पडले. दिवाण अरिस्तू जाह इंग्रजांकडे झुकलेला. खर्ड्यानंतर तो पुण्यात ओलीस होता, तो परत आला आणि त्याच्या बाजूचं पारडं जड झालं. १ सप्टेंबर १७९८ ला तह झाला, फ्रेंच पलटणी मोडल्या आणि इंग्रजांची तैनाती फौज हैदराबादेत बसली. खर्च निजामाचा, हुकूम कंपनीचा. १८०० मध्ये त्या खर्चापोटी बेल्लारी-कडप्प्याचा मुलूख गेला. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची दुसरी फौज उभी राहिली, तिचेही अधिकारी इंग्रजच. हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे तुमच्याच अंबाजोगाईला, तिच्या छावण्या होत्या. तिचा पगार थकत गेला आणि १८५३ मध्ये त्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. मागितली होती कुमक, पदरात पडली तैनात. घेणाऱ्याच्या घरातला एक तट मदत आणतो, आणि आलेली मदत त्या तटाला बळ देते, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण म्हणून प्रत्येक मदत घेणाऱ्याला 'मिंधा' म्हणायची घाई करू नका. जुलै २०२५ मध्ये युक्रेनच्या सरकारने भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता कमी करणारा कायदा केला. लोक युद्ध चालू असताना रस्त्यावर उतरले, युरोपीय संघानेही नाराजी कळवली, आणि दीडेक आठवड्यात सरकारला माघार घ्यावी लागली. इथे मदत देणाऱ्याचा धाक तिथल्या लोकांच्याच कामी आला. मिंधेपणात माणसाचं तोंड बंद होतं. हे लोक तर बोलत होते.

राहिला 'साहाय्य'. अर्थाने मदतीसारखाच, फक्त सरकारी कागदात जास्त शोभतो. लिहिताना पहिला 'सा' दीर्घ ठेवा. 'सहाय' म्हणजे सोबती, पाठीराखा. त्यावरून झालेलं भाववाचक नाम 'साहाय्य'. 'सहाय्य' हे रूप सगळीकडे दिसतं, पण शुद्धलेखनाच्या प्रश्नात त्याचे गुण जातील.