खेड्यात केबल काढून फायर स्टिक आणि घरचा सर्व्हर लावावा का?

तुमचं गाव विदर्भात, दिग्रसकडं, केबलवाला महिन्याला साडेतीनशे घेतो, घरात आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन पोट्टे. गावात नुकतं फायबरचं नेट आलंय. तेव्हा केबल बंद करून फायर स्टिक (टीव्हीला खोचून नेटवरचे ॲप दाखवणारी काडी) घ्यावी का, आणि पडून असलेल्या लॅपटॉपचा सर्व्हर करून (म्हणजे त्यातलं घरच्या टीव्हीवर दिसेल असा) त्यात पिक्चर भरून ठेवावेत का, हा तुमचा प्रश्न.

जमतं. मी आर्वी तालुक्यात राहतो, वायरिंगची कामं करतो, आणि हल्ली बरीच बोलावणी याच कामासाठी येतात. पण केबल काढली आणि त्याच जागी स्टिक खोचली, एवढ्यावर इकडं भागत नाही. पहिल्या पावसातच घरात कुरबुर सुरू होते. आपल्याकडं लाइन जाते, आणि लाइन गेली की नेटचा भरवसा नाही. घरी इन्व्हर्टर असला तरी फायबरवाल्याची मशीन जिथं बसवलीय तिथली बॅटरी किती वेळ टिकते, यावर सगळं आहे. त्यात रस्त्याच्या कामावरचा जेसीबी फायबरची वायर तोडतो ते वेगळंच. म्हणून माझा साधा नियम आहे: चालू टीव्ही, म्हणजे थेट प्रक्षेपण, नेटवर ठेवायचं नाही. बातम्या, सामने, जुने पिक्चर छतावरून येऊ द्या. स्टिक राहील आईच्या चालू मालिकांना, तुम्हाला आणि पोट्ट्यांना.

छतावरून म्हणजे डीडी फ्री डिश, दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी सेवा. २००४ च्या डिसेंबरपासून ही सेवा आहे आणि तिला महिन्याचं भाडं नाही. एकदा छत्री (डिश) आणि बॉक्स घेतला की झालं. दीड-दोन हजारांत बसते. जुनी छत्री माळ्यावर पडली असेल तर तीच वापरा, एलएनबी (छत्रीच्या पुढचा सिग्नल पकडणारा भाग) तेवढी नवी लागू शकते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला करायचं आणि बऱ्यापैकी वर, साधारण ६० अंशांवर. त्या दिशेला कडुलिंब आडवा येत असेल तर जागा बदला, फांद्या तोडून काही होत नाही, त्या परत येतात. वानरांचा त्रास असेल (नसला तरच नवल) तर खांबाला दोन क्लॅम्प जास्त मारा आणि खाली बाभळीचे काटे बांधा. वानर छत्रीवर बसलं की ती बोटभर हलते, आणि बोटभर हलली की सिग्नल गेला. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र तुटेल, ते चालवून घ्यावं लागतं.

फ्री डिशवर काय दिसत नाही तेही ऐका. सह्याद्री आहे, बातम्यांचे चॅनल आहेत, जुने पिक्चर आहेत. पण खासगी चॅनल लिलावात जागा घेतात, त्यामुळं यादी बदलत राहते. स्टार प्रवाह, झी मराठीच्या चालू मालिका तिथं शोधू नका. क्रिकेटचं असं आहे की राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने २००७ च्या कायद्यानं दूरदर्शनला द्यावेच लागतात, म्हणून भारताचे काही सामने फुकट दिसतात. आयपीएल त्यात येत नाही.

आता पैशाचं. केबल काढून पैसे वाचतील, हा हिशोब बहुतेकांचा उलटा बसतो. २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामकाची) नवी पद्धत आली तेव्हा नुसत्या जोडणीचे १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचे चॅनल वेगळे, असं ठरलं होतं. २०२४ मध्ये ती १३० ची मर्यादाही काढली. तरी तुमची केबल साडेतीनशेला आहे, आणि फायबरचा ३९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ ला पडतो, आणि ओटीटीचे (नेटवरच्या मालिका-पिक्चरच्या ॲपचे) पैसे त्यावर. पोरांच्या अभ्यासाला, तुमच्या कामाला फायबर घेणारच असाल तर केबल काढणं परवडतं. नुसत्या टीव्हीसाठी फायबर घेऊ नका. आणि मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर तो सोडाच: नेटफ्लिक्ससारखं ॲप साध्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी आणि एचडीला ३ जीबीपर्यंत खातं. अर्ध्या तासात दिवस संपला.

मालिकांसाठी कोणतं ॲप लागेल हे आधी आईला विचारून ठरवा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिववर. तिन्ही घ्यायची गरज नसते, कुठल्याही घरात एकाच चॅनलचा नाद असतो. मराठी बातम्यांचे बरेच चॅनल यूट्यूबवर थेट चालतात, त्याला वेगळे पैसे नाहीत. दूरदर्शनचंही वेव्हज नावाचं ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात आलंय.

स्टिक कोणती, यावर फार डोकं लावू नका. अँड्रॉइड टीव्ही असेल तर स्टिक लागतच नाही. फक्त बाजारात ‘सगळे चॅनल फुकट, आयुष्यभर’ म्हणून जो बिनानावाचा डबा मिळतो तो घरात आणू नका. त्यातले चॅनल चोरीचे असतात, कधीही बंद पडतात. टी९५ नावानं विकल्या जाणाऱ्या अशा डब्यांत कारखान्यातूनच व्हायरस भरून आल्याचं २०२३ मध्ये उघड झालं होतं. शिवाय त्याला ओटीटीवाल्यांचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळं पैसे भरून घेतलेलं ओटीटीही त्यावर धुरकट दिसतं. टिनाचं छप्पर असेल तर स्टिक टीव्हीच्या मागे थेट खोचू नका. सोबत एक वीतभर एचडीएमआयची (चित्र-आवाज दोन्ही नेणारी) वायर येते, ती लावून स्टिक बाजूला मोकळी लोंबू द्या. मे महिन्यात टीव्हीच्या पाठीमागं हात घालून पाहा, म्हणजे कळेल का म्हणतोय ते.

लॅपटॉपचा सर्व्हर ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली कल्पना आहे, पण ‘पिक्चर भरून ठेवू’ हे जमणार नाही. ओटीटीवरून डाउनलोड केलेलं त्याच ॲपमध्ये, त्याच फोनवर, ठराविक दिवस चालतं. त्या फायलीला कुलूप असतं, ती उचलून सर्व्हरवर टाकता येत नाही. आणि टोरंटचा (नेटवरून चोरून उतरवलेला) माल भरायचा तर तो कॉपीराइटचा भंग आहे, त्यात मी पडत नाही. मग भरायचं काय? आपलं स्वतःचं. आमच्या गावात एका घरी लग्नाची सीडी निघाली, काठावरून चंदेरी थर सुटायला लागलेली. जेवढं वाचलं तेवढं कॉपी केलं, हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं त्याची एमपी४ फाइल केली, आणि आता ते लग्न टीव्हीवर दिसतं. नवरदेवाचे वडील वारलेत. वरातीत ते लेझीम खेळताना दिसले की म्हातारी तिथंच थांबवायला लावते. भजन मंडळाच्या खंजिरी भजनांची रेकॉर्डिंग, सप्त्यातलं कीर्तन, तुमच्याकडं कोणी दंडारीत (गावच्या लोकनाट्यात) काम करत असेल तर ते, पोट्ट्यांच्या शाळेचं गॅदरिंग, असा माल कुठल्याच ओटीटीवर मिळत नाही. तो सगळा लोकांच्या जुन्या फोनमध्ये पडून फोनबरोबरच मरतो.

जुना लॅपटॉप या कामाला नव्या मशीनपेक्षाही बरा, कारण बॅटरी थोडी जरी शिल्लक असेल तरी लाइन अचानक गेल्यावर हार्ड डिस्क धाडकन बंद होत नाही. त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाका आणि जेलीफिन, म्हणजे लॅपटॉपमधल्या फायली टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. जेलीफिन पूर्ण फुकट आहे, २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, आणि चालायला इंटरनेट मागत नाही. घरच्या राउटरला लाइन असली की पुरे. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा, राउटरमध्ये त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायम करून घ्या, आणि टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाकून तो पत्ता आणि पुढं ८०९६ हा पोर्ट द्या. फायली शक्यतो एच.२६४ एमपी४ मध्येच ठेवा, हा बहुतेक टीव्हींना चालणारा प्रकार आहे. टीव्हीला न झेपणारी फाइल असली की सर्व्हर ती चालता चालता बदलून देतो, आणि तिथं जुना लॅपटॉप दम टाकतो, चित्र अडखळतं. विजेचं म्हणाल तर १५ वॅटचा लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला अकरा युनिटच्या आत. रात्री बंद केला तर त्याहून कमी.

एक अडचण आधीच सांगतो. नेट गेलं की फायर स्टिक मुख्य पान दाखवत नाही, नुसती सूचना येते, आणि लोकांना वाटतं सगळंच बंद पडलं. तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्लिकेशन्समधून जेलीफिन उघडायचं. हे तुम्हाला जमेल, बाबांना नाही. त्यांच्यासाठी लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयनं सरळ जोडून त्यावर कोडी (व्हिडिओ लावायचं फुकट सॉफ्टवेअर) लावलेलं बरं, मधे काहीच नको.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच. घरच्या इन्व्हर्टरवर कूलर असेल तर राउटर त्यावर ठेवूनही उन्हाळ्यात उपयोग होत नाही, कूलर सगळं ओढून घेतो. आणि नेट बंद पडलं की फोन करायच्या आधी फायबरच्या डब्याकडं बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर वायर कुठंतरी तुटलीय, डबा चालू-बंद करून काही होणार नाही. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर तुमच्या घरापर्यंतची वायर ठीक आहे, गडबड पुढं आहे. फोनवर एवढं सांगितलंत की मेकॅनिक लवकर हलतो.

केबल लगेच तोडू नका. फ्री डिश आणि स्टिक लावून पावसाळ्यातला एक महिना दोन्ही चालू ठेवा आणि घरात केबलचा रिमोट कोण उचलतंय ते बघा. कोणीच उचलला नाही तर केबलवाल्याला कळवा, बॉक्स परत द्या आणि भरलेली अनामत मागून घ्या.

तुमचा टीव्ही स्मार्ट आहे की साधा, ते लिहिलेलं नाही. मागं एचडीएमआय आहे का, की नुसती पिवळी-लाल-पांढरी भोकं? तीच असतील तर स्टिकसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. टीव्हीच्या पाठीवरचा मॉडेल नंबर कळवा, मग कोणती वायर लागेल ते सांगतो.