बजीची चोच वाढली आहे? नेलकटर आधी बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या बजीची (बजरिगर, छोटा पाळीव पोपट) वरची चोच गळ्याला टेकायला लागलीये आणि दुकानदार म्हणतो, 'नेलकटरने टोक उडवा, काही होत नाही.' होतं! माझ्या पहिल्या बजीची चोच दुकानातच कापून घेतली होती. घरी पोचेपर्यंत पिंजऱ्यातल्या कागदावर लाल ठिपके पडले होते. चोच वरून नखासारखी दिसते, पण आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. बजीचं वजन ३०-३५ ग्रॅम, अंगात रक्त जेमतेम ३ मिली. तिथे सात-आठ थेंब गेले तरी भारी पडतं. चुकून रक्त आलंच तर टोकावर कॉर्नफ्लोअर दाबून धरा आणि तडक डॉक्टर गाठा.

मुळात धडधाकट बजीची चोच कापावीच लागत नाही. रोज वाढते, रोज झिजते. झोपायच्या आधी चोच घासल्याचा बारीक करकर आवाज येतो ना, ते चांगलं लक्षण. थोडे पापुद्रे निघाले तरी काळजी नको. गळ्याला टेकेपर्यंत वाढली, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय.

माझा पहिला संशय यकृतावर, कारण तुम्हीच म्हणताय की तो फक्त राळे (दुकानातली कांगणी) खातो. नुसत्या दाण्यांवर यकृतात चरबी साठते आणि चोच भराभर वाढते. चोचीवर काळपट-तांबूस रेघा दिसतात का ते उजेडात बघा. दुसरा संशय माइट्सवर, म्हणजे कातडीत शिरणाऱ्या अगदी बारीक जीवांवर. नाकपुड्यांच्या पट्टीवर आणि चोचीच्या कडेला स्पंजासारखी बारीक भोकं पडलेली पांढुरकी खपली असेल, तर बहुधा तेच. यावर औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते. कुत्र्याचं औषध अंदाजाने लावू नका.

आजच एक करा. दाण्यांच्या वाटीवर हलकेच फुंकर मारा. भरलेली दिसणारी वाटी निव्वळ टरफलांची असते, मी फसलोय. आणि टरफलंच नसतील, दाणे तसेच पडून असतील, तर त्याला सोलताच येत नाहीये. तसं असेल तर उद्यावर ढकलू नका.

चोच घासून आकारात आणणं पक्ष्यांच्या डॉक्टरांचं काम. फोनवरच विचारा की पक्षी नेहमी बघता का. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही. जाताना पिंजऱ्यातला कालचा कागद विष्ठेसकट न्या.

पुढची झीज तो स्वतः करेल, साधनं तेवढी द्या. पेरूची किंवा जांभळाची सालीसकट फांदी (फवारणी न केलेली, धुऊन), समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं, ठिसूळ हाड), मक्याचं कणीस. वाळूच्या कागदाच्या दांड्या मात्र घेऊ नका, चोच तशीच राहते आणि तळवे सोलतात. खाण्यात शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोथिंबीर. आमचा पठ्ठ्या तीन आठवडे गाजराला घाबरून कोपऱ्यात बसायचा, म्हणून दाणे एकदम बंद करू नका, बजी हट्टाने उपाशी राहतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करा. ३ ग्रॅम उतरले की पुन्हा दाण्यांवर आणा आणि डॉक्टरांना कळवा.