शीर्षकपान उलटून पाहा

प्रश्न : मॅडम, मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते आहे. विषय मराठी नाटकांतल्या काव्यात्मतेचा. प्रबंध लिहून झाला, पण मार्गदर्शकांनी संदर्भग्रंथसूची तिसऱ्यांदा परत केली. १८६ नोंदी आहेत. काही जुन्या पुस्तकांवर शके आहे, काहींवर सालच नाही. टोपणनावांचे काय करायचे तेही कळत नाही. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरलेत. कुठून सुरुवात करू?
– संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुमचे पत्र वाचून जीव कळवळला. ३१ वर्षे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. प्रबंध देण्याचे दिवस आले की कुणी ना कुणी असेच कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राही. सहा आठवडे पुरतील. फक्त संगणकापुढे बसून सूची दुरुस्त करत राहू नका. शंका असलेली पुस्तके पुन्हा हातात घ्या.

नोंद मुखपृष्ठावरून करायची नसते. आतले शीर्षकपान पाहा, मग ते उलटा. त्याच्या मागच्या बाजूला आवृत्ती, पुनर्मुद्रण, प्रकाशक, साल असे सगळे असते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण एक नव्हे. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पाने पुढेमागे झालेली असतात. तुम्ही अवतरण घेतलेत ते ज्या प्रतीतून, तिचेच साल द्या. पहिल्या आवृत्तीचे साल महत्त्वाचे वाटले तर शेजारी वेगळे नोंदवा.

हे मी पोळून शिकले. एम.फिल.च्या वेळी एका जुन्या ग्रंथातल्या एकाच प्रकरणाची झेरॉक्स काढली होती, शीर्षकपानाची काढायचे सुचले नाही. वर्षभराने साल हवे झाले तेव्हा त्या एका आकड्यासाठी एसटीने सात तास जावे लागले. प्रत पिवळी पडलेली, कडा हात लावताच तुटत होत्या. आत छापले होते : माघ शके १८३२. मी ७८ मिळवून १९१० लिहिले आणि परतले. खरे साल १९११ होते.

चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवा. माघ-फाल्गुनात ७९. मार्गशीर्ष-पौषात मध्येच जानेवारी लागतो, तिथे तिथी पाहिल्याशिवाय लिहू नका. महिना दिलेलाच नसेल तर ‘शके १८३२ (१९१०-११)’ असे दोन्ही द्या. सालच छापलेले नसेल तर अंदाजाने घालू नका. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त शोधा, पहिल्या भागात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची पुस्तके आहेत. तिथे सापडलेले साल चौकटी कंसात द्यायचे, म्हणजे ते पुस्तकावर नव्हते हे वाचणाऱ्याला कळते. नाहीच मिळाले तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असे सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

टोपणनावांचा प्रश्न तुमच्या विषयात येणारच. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज आहेत, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. पुस्तकावर जे नाव छापले आहे त्याखालीच नोंद करा आणि दोन्ही ठिकाणी ‘हेही पाहा’ म्हणून दुसरे नाव द्या. संतांना आडनाव नसते. ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. ‘तुकाराम’ एवढेच हवे, आणि गाथ्याचा संपादक कोण ते न विसरता.

पुढे अकारविल्हे. आपल्या कोशांत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण संगणकाने क्रम लावला की क्षीरसागर बहुधा ‘क’मध्ये आणि ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये जाऊन बसतात. शेवटचा हात तुम्हीच फिरवा. मला विचाराल तर देवनागरीत तिरपी अक्षरे वाचवत नाहीत. ग्रंथनाम ठळक करावे. पण मार्गदर्शकांना विचारून घ्या.

संदर्भ लिहिण्याची शैली कोणती, एपीए की एमएलए, तेही आजच विचारा. एपीएमध्ये साल लेखकाच्या नावापाठोपाठ कंसात येते, एमएलएमध्ये शेवटाकडे. तुमच्या सूचीत दोन्हींची सरमिसळ झालेली असेल, तर परत येण्याचे एक कारण तेच असणार. संदर्भ साठवून सूची बनवणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, वापरा. मात्र त्यात भरलेले प्रत्येक नाव पुस्तकाशी ताडून पाहा.

दिवाळी अंकांना वर्ष-अंक क्रमांक नसला तर ‘दिवाळी अंक’ आणि साल पुरते. लेखाची पहिली-शेवटची पाने मात्र हवीतच. संकेतस्थळावरचा लेख असेल तर पत्ता आणि तुम्ही तो पाहिल्याची तारीख द्या.

उद्या १८६ नोंदी छापून काढा. पुस्तक हातात धरून केलेल्या नोंदीवर बरोबरची खूण करा, दुसऱ्याच्या सूचीतून उतरवलेल्या नोंदीवर गोल. आधी गोल मोजा. ग्रंथालयात जायचे ते त्यांच्यासाठी. जाताना मोबाइल चार्ज करून न्या आणि प्रत्येक शीर्षकपानाचे दोन फोटो काढा, पुढचा आणि मागचा.