घड्यांची जाळी आखताना

ओरिगामीत एकाच कागदाला घड्या घालून पुन्हा पुन्हा येणारी सलग नक्षी (टेसलेशन) करायची, तर अशा नक्षीच्या सममितीच्या सतरा प्रकारांची यादी पाठ करण्याआधी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून साधा क्राफ्ट कागद आणावा, त्यावर १६ × १६ चौकोनांच्या रेघा दोन्ही बाजूंनी मोडाव्यात आणि चौकोनी पीळच (चुणींच्या मध्ये फिरून सपाट बसणारा चौकोन) घालून पाहावा. दोन पिळांना जोडणाऱ्या चुणीची (दोन समांतर घड्यांच्या पट्टीची) डोंगरघडी, म्हणजे वर उचललेली घडी, एका पिळाकडून पाहिल्यास डावीकडे, तर दुसऱ्याकडून पाहिल्यास उजवीकडे येते. म्हणून कागदाच्या एकाच बाजूला असलेले शेजारचे पीळ नेहमी उलट दिशेने फिरतात आणि त्रिकोणात एकमेकांना जोडलेले तीन पीळ कागदाच्या एकाच बाजूला बसत नाहीत. संगणकावरची सुबक नक्षी इथेच फसते. घड्या जिथे मिळतात तो एखादा बिंदू सपाट बसेना, तर त्याभोवतीच्या एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश भरते का, हे तपासावे. पावसाळ्यात कागद सर्दावतो. तेव्हा मोठी जाळी हाती घेऊ नये.